जुना वॉशर, जुना ड्रायर आणि त्यांतील नाशवंत भाग

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन-चार दशकांत अमेरिकेत तयार झालेली कपडे धुण्याची आणि वाळवण्याची घरगुती यंत्रे आज कित्येक दशकांची झाली असली, तरी त्यांतील बरीचशी अजून घरांच्या तळघरांत, गॅरेजमध्ये आणि शेतघरांच्या कोपऱ्यांत उभी आहेत, आणि ती उघडून, साफ करून पुन्हा रोजच्या वापरात आणण्याचा छंद तेथे चांगलाच रुजला आहे. जुने यंत्र म्हणजे गंजलेले लोखंड आणि त्याची पुनर्बांधणी म्हणजे रंगरंगोटी, असा बाहेरून पाहणाऱ्याचा समज असतो. प्रत्यक्षात दातेचाके, दंड आणि ओतीव भाग यांना इतक्या वर्षांत फारसे काही झालेले नसते. संपते ते धातूच्या दोन भागांमधले, म्हणजे रबराची सीले, कार्बनच्या कड्या, फेल्टच्या पट्ट्या, तेल, ग्रीस आणि तारांवरचे आवरण. त्यामुळे घरच्या घरी अशी जोडी पुन्हा उभी करण्याचे काम मुख्यतः या नाशवंत भागांची जागा, त्यांचे प्रयोजन आणि त्यांच्या ऱ्हासाची कारणे ओळखण्याचे आहे.

विजेवर चालणाऱ्या धुलाईयंत्राच्या शोधाचे श्रेय अनेक पुस्तके १९१० मध्ये पेटंट मिळालेल्या आल्वा फिशर यांना देतात. परंतु त्याआधीची पेटंटेही उपलब्ध असल्याने हे श्रेय एकाच व्यक्तीच्या पदरात टाकणे योग्य ठरत नाही. स्वयंचलित यंत्राची कथा मात्र बरीच स्पष्ट आहे. बेंडिक्स कंपनीने १९३७ मध्ये समोरून उघडणारे स्वयंचलित यंत्र लोकांपुढे मांडले, पण त्यात कंपने शोषून घेण्याची सोय नसल्याने ते बोल्टने जमिनीत जखडावे लागत असे. त्याच सुमारास नॉर्थ डकोटातील जे. रॉस मूर यांच्या कल्पनेवर आधारलेला फिरत्या पिंपाचा ड्रायर विस्कॉन्सिनमधील हॅमिल्टन कंपनीने बाजारात आणला. युद्धामुळे घरगुती यंत्रांचे उत्पादन थांबले आणि १९४७ नंतर वरून उघडणाऱ्या स्वयंचलित यंत्रांची लाट आली. जनरल इलेक्ट्रिक, सिअर्स या विक्रेत्या कंपनीसाठी केनमोर नावाने यंत्रे बनवणारी आणि पुढे व्हर्लपूल म्हणून ओळखली गेलेली कंपनी, आणि त्या काळी जनरल मोटर्सच्या मालकीची असलेली फ्रिजिडेअर यांनी प्रत्येकी वेगळी यंत्रणा योजली. फ्रिजिडेअरचा घुसळणारा दांडा तर फिरण्याऐवजी वर-खाली होत असे.

या सर्वांत नवख्या माणसाने कोणते यंत्र निवडावे, याचे उत्तर बहुतेक वेळा आयोवा राज्यातील न्यूटन गावाकडे जाते. तेथील मेटॅग कंपनी १८९३ मध्ये शेतीची अवजारे बनवण्यासाठी स्थापन झाली, तिने १९०७ मध्ये पहिले धुलाईयंत्र काढले आणि १९४९ मध्ये पहिले स्वयंचलित यंत्र. पिळण्याच्या रुळांची जुनी यंत्रे तिने १९८३ पर्यंत बनवली, यावरून ग्रामीण अमेरिकेची त्यांवरची निष्ठा कळते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून तिने वापरलेली 'हेलिकल ड्राइव्ह' ही रचना किरकोळ फेरफारांसह सुमारे अर्धशतक चालू राहिली. कंपनी २००६ मध्ये व्हर्लपूलने विकत घेतली आणि पुढच्या वर्षी न्यूटनचा कारखाना बंद झाला. पण एकच रचना इतकी वर्षे टिकल्याने तिचे पट्टे, सीले आणि बेअरिंगे अजून मिळू शकतात. पुनर्बांधणीत सुट्या भागांची उपलब्धता यंत्राच्या देखणेपणापेक्षा अधिक महत्त्वाची असते, ही गोष्ट दुर्मीळ यंत्राच्या मोहात पडणारे अनेक छांदिष्ट उशिरा मान्य करतात.

हेलिकल ड्राइव्हची कल्पना अशी, की यंत्राची मोटर दोन्ही दिशांना फिरू शकते आणि कोणत्या दिशेने फिरते यावरच यंत्र काय करणार हे ठरते. एका दिशेला फिरल्यास खालच्या गिअरपेटीतून अ‍ॅजिटेटर, म्हणजे टबाच्या मध्यभागी उभा असलेला पात्यांचा दांडा, रवीप्रमाणे मागेपुढे घुसळू लागतो, तर ब्रेक लागलेला असल्याने कपड्यांचा टब जागेवर स्थिर राहतो. मोटर उलट फिरू लागली की दंडावरील पुली मळसूत्रासारख्या कापलेल्या चढावर थोडी वर सरकते, ब्रेक मोकळा करते आणि सगळा टब गरगर फिरू लागतो. त्याच वेळी पंपही पाणी बाहेर फेकतो, त्यामुळे पाणी उपसणे आणि कपडे पिळणे एकत्रच चालते. घुसळणे आणि पिळणे यांत अदलाबदल करण्यासाठी वेगळा क्लच किंवा विद्युतचुंबक त्यात नाही. त्याच काळातल्या केनमोर यंत्रांत हेच काम करण्यासाठी दोन विद्युतचुंबकांची हलती जोडणी असे आणि तिच्या तारा सतत वाकून तुटत. मेटॅगच्या अभियंत्यांनी ती अडचण मुळातच टाळली, आणि हे त्या यंत्राचे सर्वांत मोठे कौशल्य मानले पाहिजे.

काम सुरू करताना यंत्राला थेट वीज देऊन 'चालते का' हे पाहण्याची घाई सर्वाधिक नुकसान करते, कारण वर्षानुवर्षे बंद असलेल्या मोटरमध्ये तेल घट्ट झालेले असते, तारांवरचे आवरण कडक होऊन तडकलेले असते आणि टबाखालच्या बेअरिंगमध्ये गंजाचे कण असू शकतात. म्हणून प्रथम प्लग काढलेल्या अवस्थेत पट्टा हाताने फिरवून पाहणे, प्रत्येक तारेची जागा छायाचित्रात टिपून ठेवणे आणि त्यानंतरच भाग सुटे करणे, हा क्रम पाळला जातो. पहिली अडचण बहुधा अ‍ॅजिटेटरचीच येते. साबणाचा साका आणि कठीण पाण्यातील क्षार यांनी तो दंडावर असा चिकटलेला असतो, की ताकद लावल्यास प्लॅस्टिक किंवा त्याआधीच्या काळातले बॅकेलाइट तडकते. टबात गरम पाणी भरून काही वेळ ठेवले की क्षारांची पकड सैल होते आणि प्लॅस्टिकही किंचित प्रसरण पावते. मग पात्यांखालून घातलेला पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा ओढला, तर अ‍ॅजिटेटर निघून येतो.

त्याखाली यंत्राचा खरा मर्मबिंदू असतो. बाहेरचा स्थिर टब पाणी धरून ठेवतो, आतला फिरता टब कपडे धरतो, आणि या दोन्हींना छेदून गिअरपेटीचा दंड वर येतो. म्हणजे पाण्याने भरलेल्या भांड्याच्या तळाला मुद्दाम भोक पाडून त्यातून फिरता दंड नेलेला असतो आणि तरीही तेथून थेंब गळू द्यायचा नसतो. हे काम कार्बनच्या सीलवर सोपवलेले आहे. कार्बनच्या कडीचा आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग दुसऱ्या तितक्याच गुळगुळीत पृष्ठभागावर घासत फिरतो आणि रबरी भाता व स्प्रिंग त्या दोघांना सतत एकमेकांवर दाबून ठेवतात. रबर कडक झाले की दाब कमी होतो, कार्बनवर ओरखडा आला की फट पडते, आणि मग साबणाचे पाणी हळूहळू खाली झिरपून बेअरिंगमधील तेल धुऊन काढते. यंत्र वापरणाऱ्या घराला त्याची खबर पाणी दिसून क्वचितच लागते; कपडे पिळताना येणारी घरघर ही पहिली खूण असते, आणि तोपर्यंत बेअरिंग खराब झालेले असते. म्हणून सील बदलायचे तर बेअरिंगही बदलावे, आणि बेअरिंग बदलायचे तर टब ज्यावर बसतो तो आधारखुंटही नवा घ्यावा, असा या क्षेत्रातील जाणकारांचा आग्रह असतो. तिन्ही भाग एकाच पाण्याने झिजलेले असतात आणि एकासाठी केलेली उचकाउचक दुसऱ्यासाठी पुन्हा करणे परवडत नाही. टब जागेवर जखडणारी मोठी चाकी काढण्यासाठी खास पाना लागतो, तो हातोडीने ठोकून चाकी सैल करावी लागते आणि या टप्प्यावर साध्या पकडीने काम भागवणाऱ्यांच्या चाकीचे कोपरे गोल होऊन बसतात.

सीलच्या मानाने बाकीचे काम सोपे, पण त्यातही एक-दोन फसव्या जागा आहेत. मोटर चौकटीला घट्ट जखडलेली नसून स्प्रिंगांनी ओढून धरलेल्या सरकत्या बैठकीवर बसवलेली असते. पिळणे सुरू होताना भरलेला टब एकदम वेग घेऊ शकत नाही, त्या क्षणी पट्टा पुलीवर थोडा घसरतो आणि टब हळूहळू वेगात येतो. म्हणजे पट्ट्याचे घसरणे हा दोष नसून क्लचचे काम आहे. हे न समजल्यामुळे मोटारगाडीचा चिवट पट्टा बसवणारे किंवा बैठकीच्या स्प्रिंगा अधिक ताणणारे लोक मोटरवर नाहक भार टाकतात. तसेच संपूर्ण टब-यंत्रणा तळाशी एका वक्राकार पत्र्यावर, छोट्या डॅम्पर पॅडांच्या आधाराने टेकलेली असते. पॅडांचा गोंद सुटला किंवा त्यांवरील सिलिकॉनचे वंगण वाळले की यंत्र पिळताना खोलीभर चालू लागते. नवे पॅड चिकटवणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, त्यासाठी अख्खे यंत्र मोडीत काढल्याची उदाहरणे मात्र कमी नसावीत.

विजेच्या बाजूला टायमर हे या यंत्रांचे हृदय असते. एक छोटी सिंक्रोनस मोटर, म्हणजे विजेच्या वारंवारितेशी काटेकोर जुळून फिरणारी मोटर, उंचसखल कडांची चाके सरकवत नेते आणि त्या कडा ठरावीक क्रमाने संपर्कबिंदू मिटवतात व उघडतात. काळवंडलेले संपर्कबिंदू संपर्क-सफाईच्या द्रवाने आणि जाड कागदाच्या पट्टीने साफ करता येतात, पॉलिश पेपर मात्र त्यांवरचा चांगला थर काढून टाकतो. मोटरच्या सच्छिद्र कांस्य बेअरिंगमध्ये सफाईद्रव्ये न मिसळलेले तेल थोडेच घालायचे असते, कारण मोटारगाडीच्या इंजिन तेलातील सफाईद्रव्ये त्या छिद्रांना आणि फेल्टच्या वातीला मानवत नाहीत. याच टप्प्यावर आरोग्याचा प्रश्नही येतो. काही जुन्या यंत्रांच्या झाकणाखालील स्विचमध्ये पारा असतो, अमेरिकेत १९७९ पूर्वीच्या कॅपॅसिटरमध्ये पीसीबी नावाची विषारी तेले असू शकतात, आणि उष्ण भागांजवळील तारांच्या किंवा ढालींच्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस सापडू शकते. असे आवरण कोरडे घासणे किंवा हवेच्या झोताने फुंकणे पूर्णपणे टाळले पाहिजे.

दिसण्याच्या बाबतीत पोर्सिलेन इनॅमल आणि साधा भट्टीचा रंग यांतील फरक कळणे आवश्यक असते. इनॅमल म्हणजे पोलादावर सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाला वितळवून बसवलेली काच. ती घरी पुन्हा चढवता येत नाही, तिचे टवके एपॉक्सीने भरता येतात आणि ती दुरुस्ती जवळून पाहिल्यास ओळखू येते. सुटे गंजलेले भाग धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात ठेवून बॅटरी चार्जरच्या वीजप्रवाहाने गंज सोडवण्याची पद्धत बरीच लोकप्रिय आहे आणि पोलादासाठी ती उत्तमही आहे. पण त्यात हायड्रोजन वायू निघत असल्याने ती उघड्यावरच करावी लागते, धन टोकाला स्टेनलेस स्टील लावल्यास विषारी क्रोमियम द्रावणात उतरते, आणि अ‍ॅल्युमिनियमचा भाग त्या सोड्यात चुकूनही टाकला तर सोडाच त्याला खाऊन टाकतो.

ड्रायरची रचना वॉशरपेक्षा कितीतरी साधी असते, म्हणून त्याच्याकडे सामान्यतः दुय्यम काम म्हणून पाहिले जाते. वास्तविक दोघांत अधिक धोकादायक तोच आहे, आणि पुनर्बांधणीची काळजी त्या प्रमाणात वाटली गेली पाहिजे. त्यात एक मोठे पिंप, ते फिरवणारी मोटर, पिंपाला वेढणारा लांब पातळ पट्टा, हवा खेचणारा पंखा आणि तापवणारी तारेची कॉइल किंवा गॅसची ज्योत एवढेच असते. मेटॅगने तिच्या अनेक ड्रायरांत ही कॉइल पिंपाच्या तोंडाभोवती वर्तुळाकार बसवली होती आणि जाहिरातीत तिला 'हेलो ऑफ हीट', म्हणजे उष्णतेचे वलय, असे नाव दिले होते. बहुतेक ड्रायरांत पंखा हवा ढकलत नाही तर ओढतो. त्यामुळे पिंपाच्या कडेची फेल्टची पट्टी झिजली की बाहेरची थंड हवा मधूनच आत शिरते, तापलेली हवा कपड्यांतून पुरेशी जात नाही आणि वाळायला वेळ लागतो. अशा वेळी लोक कॉइल बदलतात आणि दोष तसाच राहतो. नवी पट्टी उष्णता सोसणाऱ्या गोंदानेच चिकटवावी लागते. पिंप फिरताना ठरावीक अंतराने येणारा धडधड आवाज बहुतेकदा दीर्घकाळ एकाच स्थितीत उभे राहून एका बाजूने चपट्या झालेल्या आधार-चाकांचा असतो, आणि ती चाके स्वस्तात मिळतात.

धोका मुख्यतः लिंटचा, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक तंतूंचा असतो. जाळीतून निसटलेले तंतू वर्षानुवर्षे पेटीच्या तळाशी, मोटरभोवती आणि कॉइलच्या आसपास साठतात, आणि कोरडे तंतू ठिणगीलाही पेटतात. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी निवासी इमारतींत दरवर्षी ड्रायरमुळे लागणाऱ्या सुमारे २,९०० आगींचा अंदाज दिला आणि त्यांतील ३४ टक्के आगींचे कारण सफाई न करणे हे असल्याचे नोंदवले. हे सगळ्या ड्रायरांचे आकडे आहेत. चाळीस वर्षे न उघडलेल्या ड्रायरची स्थिती त्यांहून बरी असण्याचे कारण नाही. त्यामुळे पेटी पूर्ण उघडून व्हॅक्यूम क्लीनरने साफ करणे, भिंतीकडे जाणारी नळी प्लॅस्टिक किंवा पातळ चुरगळणाऱ्या फॉइलऐवजी चार इंच व्यासाच्या गुळगुळीत पत्र्याची घेणे, आणि ती जोडताना तंतू अडकतील असे स्क्रू आत न काढणे, ही कामे रंगाच्या आधी येतात. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार प्रवाह तोडणारा स्विच, आणि त्याच्या पाठीमागे सुरक्षेसाठी असलेला उच्च मर्यादेचा थर्मोस्टॅट हे दोन्ही मल्टिमीटरने तपासावेत. त्यांना वगळून तार सरळ जोडून 'तात्पुरते' काम भागवणे अक्षम्य आहे. गॅसच्या ड्रायरमध्ये गळती आणि कार्बन मोनॉक्साइड हे दोन आणखी धोके असल्याने ज्योतीचा भाग परवानाधारक कारागिराकडे सोपवणे शहाणपणाचे ठरते.

विजेच्या ड्रायरची जोडणी भारतीय वाचकाला चमत्कारिक वाटेल. अमेरिकी घरात १२० व्होल्टच्या दोन विरुद्ध फेज येतात, त्या दोघींमध्ये २४० व्होल्ट मिळतात आणि प्रत्येकीत व न्यूट्रलमध्ये १२०. ड्रायरची कॉइल २४० वर आणि मोटर व टायमर १२० वर चालतात. जुन्या ड्रायरांत न्यूट्रलची तारच पेटीच्या धातूला जोडून अर्थिंगचे काम भागवलेले असे, आणि ती तार कोठे सैल झाली तर अख्खी पेटी जिवंत होण्याची शक्यता राहत असे. तेथील राष्ट्रीय विद्युत संहितेने १९९६ पासून नव्या जोडण्यांसाठी स्वतंत्र अर्थिंगची चौथी तार बंधनकारक केली. जुना ड्रायर नव्या चार तारांच्या प्लगला जोडताना न्यूट्रल आणि पेटी यांच्यातील मूळची पट्टी काढावी लागते, आणि नेमकी हीच पट्टी विसरली जाते.

काम पूर्ण झाल्यावर यंत्र वापरायचे की जपायचे, याबद्दल छांदिष्टांत दोन मते आढळतात. कोलोरॅडोतील ईटन येथे विद्युत अभियांत्रिकीचे निवृत्त प्राध्यापक ली मॅक्सवेल यांनी हजाराहून अधिक जुनी धुलाईयंत्रे जमवून संग्रहालय उभारले, त्यांतील पुष्कळशी त्यांनी स्वतः दुरुस्त केली. अशा संग्रहात मूळ भाग राखण्याला अर्थ आहे. रोजच्या वापराच्या यंत्रात मात्र मूळ रबर जपण्याचा हट्ट गैरलागू वाटतो. वापराची किंमतही लक्षात घ्यावी लागते, कारण वरून उघडणारे जुने यंत्र एका धुण्याला सुमारे १५० लिटर पाणी घेऊ शकते आणि समोरून उघडणारे आजचे यंत्र त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात काम करते. १९५० च्या दशकातील उत्पादकांना हे अगदीच कळत नव्हते असे नाही. 'सड्स सेव्हर' नावाची सोय असलेली यंत्रे पहिल्या धुण्याचे गरम साबणपाणी शेजारच्या हौदात साठवून पुढच्या धुण्यासाठी परत ओढून घेत.

सील, पट्टा आणि डॅम्परचे हे ज्ञान महाराष्ट्रातल्या कारागिरांना परके नाही, कारण दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक यंत्राचे ऑइल सील बदलणारा माणूस तत्त्वतः तेच काम करतो. अमेरिकेत वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबाने अशी दुरुस्त केलेली जोडी भारतात आणण्याचा विचार केल्यास मात्र अडचण व्होल्टेजपेक्षा वारंवारितेची असते. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे १२० करून देतो, पण भारतातील ५० हर्ट्झचे अमेरिकेतील ६० हर्ट्झ करू शकत नाही. परिणामी टायमरची सिंक्रोनस मोटर सहाऐवजी पाचच्या प्रमाणात फिरते आणि दहा मिनिटांची धुलाई बारा मिनिटांची होते, मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्यांनी पिळणारा टब ५०० च्या आसपास येतो, आणि मुख्य मोटर १२० व्होल्टवर नेहमीपेक्षा अधिक तापते. तिच्यासाठी व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरवून सुमारे १०० ठेवावे लागते. ड्रायरची कॉइल २३० व्होल्टवर थोड्या कमी शक्तीने चालेल, परंतु पाच किलोवॅटच्या कॉइलला वीस अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो आणि घरातील नेहमीचा पॉवर सॉकेट सोळा अँपिअरचा असतो, म्हणून मीटरपासून तिच्यासाठी स्वतंत्र जाड तार आणि स्वतंत्र एमसीबी घेतल्याशिवाय तो ड्रायर सुरू करता येत नाही.